पायाखाली स्पंज

शनिवारी दुपारी साडेचार वाजता उरणच्या घराच्या अंगणात मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन उभा होतो. कोपरापर्यंत काळे हात, टी-शर्टची वाट लागलेली, पण गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांना नवे ब्रेक पॅड, नवे होज पाईप. सगळं मी स्वतः केलेलं, सोमवार ते शुक्रवार एक्सेलमध्ये डोकं घालून बसणाऱ्या माणसाने! मोबाईलवर चार व्हिडिओ, एक उधारीचा पानासेट, दोन घोड्या आणि भरपूर आत्मविश्वास. गॅरेजचा खर्च वाचला, शिवाय ऑफिसात सांगायला गोष्ट मिळाली.

मग ऐटीत गाडीत बसलो आणि ब्रेक दाबला. पाय खाली गेला... आणि जातच राहिला. ओल्या गादीवर पाय ठेवल्यासारखा.

पहिली शंका साधी होती. पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलावा लागतो, म्हणून पहिल्यांदा पेडल तळाला जातंच. चार-पाचदा पंप केलं की पॅड डिस्कला येऊन भिडतात आणि पेडल वर येतं. केलं पंप. आलं वर, झालं कडक. मी म्हटलं, चला, जमलं! दोन मिनिटांनी परत दाबलं, तर परत गादी.

बाबा ओटीवरून बघत होते. ते आले, सीटवर बसले, एकदाच पाय ठेवला आणि किल्ली काढून खिशात टाकली. "ही गाडी गेटबाहेर जाणार नाही."

"बाबा, थोडं मऊ आहे एवढंच. लागतोय ब्रेक."

"सोमवारी आईला घेऊन जाणारेस ना यातून?"

यावर काय बोलणार! आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि सोमवारी सकाळी परळला तपासणी होती. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यापासून आमचं परळ जवळ आलंय खरं, पण सेतूवर चढेपर्यंत बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर पुढेही असतात आणि मागेही. पुढचा कचकन थांबला की तुमच्याकडे एक पेडल असतं आणि एक पाय. बस्स.

आता हे गादी प्रकरण नेमकं काय? तुम्ही पेडल दाबता तेव्हा त्याचा जोर ब्रेक ऑईलमधून चाकापर्यंत जातो. द्रव दबत नाही, त्यामुळे इकडे ढकललं की तिकडे पिस्टन सरकतो. पण पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तुमच्या पायाचा जोर आधी त्यालाच दाबण्यात जातो. पंप केल्यावर कडक आणि थोड्या वेळाने मऊ, म्हणजे हवा. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर मात्र कुठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत. आणि पेडल कडकच, पण खूप खाली लागत असेल, तर मागच्या ड्रमचे शू अॅडजस्ट करायचे राहिलेत. तीन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी. माझा पहिला होता.

हवा शिरली कशी, तर माझ्याच कृपेने. होज काढताना ऑईल टपटपत राहिलं आणि वरची टाकी रिकामी होतेय हे मी पाहिलंच नाही. मग एअर काढायला आतेभावाला पेडलवर बसवलं. त्याचं लक्ष फोनमध्ये. निपल बंद करायच्या आधीच तो पाय उचलायचा आणि बाहेर काढलेली हवा इमानदारीत परत आत!

रविवारी सकाळी पुन्हा सुरुवात. या वेळी पेडलवर बाबा. शेजारचे काका, आयुष्यभर ट्रकच्या खाली झोपून काम केलेले, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून अंगणात बसले. माझ्या हातातली माळ्यावरची अर्धी बाटली बघूनच त्यांनी डोक्याला हात लावला. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं आणि आमच्या खाऱ्या, दमट हवेत उघडलेली बाटली म्हणजे आमंत्रणच. डॉट 4 चा उकळबिंदू नवं असताना किमान 230 अंश, पाणी शोषल्यावर 155 पर्यंत खाली येऊ शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं की वाफ, आणि वाफ म्हणजे परत गादी. सीलबंद बाटली आणली. (हे ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. माझ्या मडगार्डवर आता कायमचा नकाशा आहे.)

टाकी रिकामी झाली होती म्हणून चारही चाकं करायची, सुरुवात सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्यावा, काहींचा वेगळा असतो. मागचे निपल गंजून बसलेले. रात्रभर गंजाचं तेल मारून ठेवलं होतं, तरी रिंग पान्यानेच हात लावला. उघड्या पान्याने कडा झिजल्या की खेळ खलास. पेडलखाली लाकडाचा ठोकळा, कारण जुन्या मास्टर सिलिंडरचे रबर गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतात.

"दाबा... धरा." मी निपल पाव फेरा उघडायचो. पारदर्शक नळीतून बाटलीत बुडबुडे. निपल बंद. "सोडा." दर पाच-सहा वेळांनी टाकी भरायची. तासाभरात चारही चाकं झाली, नळीत एक बुडबुडा दिसेना. बाबांनी पाय ठेवला.

गादी. कालच्यापेक्षा बरी, पण गादीच.

मी खरंच टेकीला आलो होतो. काका खुर्चीवरून उठले, पुढच्या चाकाशी वाकले आणि हसायलाच लागले. "पोरा, हवा वर जातं का खाली?"

"वर."

"मंग तुजा निपल खाली कशाला हाय?"

शनिवारी साफ करायला दोन्ही कॅलिपर काढून मी पेपरवर शेजारी शेजारी ठेवले होते. लावताना डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे. बसले दोन्ही झकास! फरक फक्त निपलच्या जागेचा. बुडबुडा वर अडकलेला आणि आम्ही तासभर खालून ऑईल काढत बसलेलो.

पुन्हा सगळं खोललं, अदलाबदल केली. होजच्या जोडाला तांब्याचे नवे वायसर घातले (चार जास्तीचे आणले होते, त्या वीकएण्डचं माझं एकमेव शहाणपण). पुन्हा दाबा-धरा-सोडा. पहिल्याच फेरीत नळीतून फसफसत केवढी तरी हवा आली.

संध्याकाळी पेडल वरच्या वर थांबलं. बाबांनी ते मिनिटभर दाबून धरलं, तसूभर सरकलं नाही. सगळ्या जोडांवरून कोरडा कागद फिरवला, डाग नाही. मग रिकाम्या गल्लीत वीसच्या स्पीडने, हात हँडब्रेकवर, दहा-बारा वेळा थांबून पाहिलं. बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि न बोलता माझ्या हातावर ठेवली.

सोमवारी सकाळी साडेसहाला गाडी पुसून गेटपाशी उभी केली. आई चप्पल घालून आली, गाडीकडे बघितलं, पुढच्या चाकाकडे जरा जास्तच बघितलं.

"झाली ना नीट?"

"एकदम!"

"छान. मग तू ये गाडीने. मी आणि हे लोकलने पुढे होतो."