विश्लेषण : शिक्षकांचे ५० तास प्रशिक्षण, पण कोणत्या वारी आणि कशासाठी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. रत्नागिरीसारख्या वाडीवस्तीवरच्या छोट्या शाळांच्या जिल्ह्यात हे तास शाळेच्या वेळेत घेतले तर वर्ग ओस पडतात आणि रविवारी घेतले तर शिक्षकाची एकमेव सुटी जाते. या तासांना विद्यापीठाचे श्रेयांक जोडले, तर शिक्षक आपणहून येतील का?

हे ५० तास आले कुठून?

२०२० च्या धोरणात शिक्षक आणि मुख्याध्यापक या दोघांसाठीही वर्षाला ५० तास सांगितले आहेत. शिक्षकांचे हे तास त्यांच्या स्वत:च्या आवडीनुसार असावेत, असेही धोरण म्हणते. अंमलबजावणीत नेमका हाच भाग गळतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांसाठी २५ तास मंडळाच्या किंवा सरकारी प्रशिक्षणाचे आणि २५ तास शाळेच्या पातळीवरचे अशी विभागणी केली. महाराष्ट्रात मात्र विषय पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत ठरतो, तो जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे (डाएट) येतो, तिथून तालुक्याला आणि मग केंद्राला. राज्यात तयार झालेला तज्ज्ञ जिल्ह्याच्या तज्ज्ञाला शिकवतो, तो तालुक्याच्या. शेवटच्या शिक्षकापर्यंत पोहोचेतो विषयाचे ताक पातळ झालेले असते. नव्वदच्या दशकातील ‘स्मार्ट पीटी’पासून हेच सुरू आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेले ‘निष्ठा’ प्रशिक्षण पुढच्याच वर्षी ‘दीक्षा’ अॅपवर गेले. त्यामुळे मधले टप्पे वाचले, पण समोरासमोरची चर्चाही गेली. व्हिडीओ एकीकडे सुरू आणि शिक्षक दुसरीकडे पोषण आहाराच्या नोंदीत, हे दृश्य कुठल्याही शिक्षकाला नवे नाही.

रत्नागिरीत अडचण कोणती?

उत्तरेला मंडणगड, दक्षिणेला राजापूर, मध्ये सात तालुके. शाळा वाडीवाडीवर. मुंबईकडे जाणाऱ्या चाकरमान्यांच्या या जिल्ह्यात अनेक शाळांची पटसंख्या घसरत गेली आणि पटावर शिक्षकांची पदे ठरत असल्याने दोनशिक्षकी शाळा ही इथली नेहमीची गोष्ट झाली. त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याकडे पहिली ते पाचवीचे सगळे वर्ग येतात. तोही कधी निवडणुकीच्या, तर कधी जनगणनेच्या कामाला असतो. ही कामे शिक्षण हक्क कायद्यानेच शिक्षकाला देता येतात. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी शेकडो शिक्षक जिल्ह्याबाहेर गेले, तेव्हा पाच दिवसांचे प्रशिक्षण म्हणजे पाच दिवस कुलूप, अशीच कित्येक ठिकाणची स्थिती होती.

मग सुटीच्या दिवशी का नको? राज्य सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, शाळांना नाही. प्राथमिक शाळा शनिवारी सकाळी भरतेच. म्हणजे ‘वीकेंड’ या शब्दाचा अर्थ इथे फक्त रविवार. शिवाय कोकणातल्या शाळांत घाटावरचे आणि मराठवाड्यातले शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. लागून सुट्या आल्या की त्यांना गावचा रस्ता दिसतो. दीर्घ सुटीत प्रशिक्षण घेतले तर त्या बदल्यात अर्जित रजेची तरतूद आहे. रविवारच्या बदल्यात काय, याचे तितके स्पष्ट उत्तर नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान काम पूर्वतयारीसह ४५ तासांचे धरले आहे. प्रशिक्षणाचे तास त्यात की त्यावर, हा खरा वाद आहे आणि तो आदेशांतून नव्हे, तर नेहमी शिक्षक खोलीतच लढला जातो.

श्रेयांक जोडले तर?

अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. तिथली विद्यापीठे शनिवार-रविवारच्या कार्यशाळांना पदव्युत्तर श्रेयांक देतात. साधारण १५ तासांच्या वर्गाला एक श्रेयांक आणि त्यावर घरचा अभ्यास. अनेक जिल्ह्यांच्या वेतन तक्त्यात पदवीनंतर १५ श्रेयांक, ३० श्रेयांक असे रकानेच असतात. श्रेयांक वाढले की पगार पुढच्या रकान्यात जातो. म्हणून तिथला शिक्षक अनेकदा स्वत:च्या खिशातून शुल्क भरून येतो. पण या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. शिक्षकाच्या पदव्युत्तर पदवीमुळे मुलांच्या शिकण्यात फारसा फरक पडत नाही, असे तिथल्याच अनेक अभ्यासांत दिसले. श्रेयांक जमवणे हा एक वेगळाच उद्योग होऊन बसतो.

भारतात त्यासाठीची यंत्रणा कागदावर तयार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम आणले. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात १२०० तासांच्या अभ्यासाला ४० श्रेयांक, म्हणजे ३० तासांना एक असे प्रमाण ठरले. आता साधा हिशोब करू. वर्षाचे ५० तास म्हणजे दीड श्रेयांकापेक्षा थोडे अधिक. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाइतके ४० श्रेयांक या वेगाने जमवायला शिक्षकाला २४ वर्षे लागतील. तेही डाएटच्या कार्यशाळेला एखाद्या विद्यापीठाने मान्यता दिली आणि काही मूल्यमापन झाले तर. नुसत्या हजेरीपटाला कुठलेही विद्यापीठ श्रेयांक देणार नाही, देऊही नये.

पगाराशी संबंध आज कसा आहे?

२४ हा आकडा शिक्षकांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. चटोपाध्याय आयोगाच्या शिफारशींवरून आलेल्या योजनेत १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते. निवडश्रेणी तर २० टक्के पदांपुरतीच. दोन्हींसाठी प्रशिक्षण सक्तीचे. अलीकडे त्यासाठी दोन हजार रुपये शुल्क घेतले गेले. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण ऑनलाइन झाले. २०१७ मध्ये या श्रेणीसाठी शाळेच्या दर्जाची अटही घातली गेली, ती दोन वर्षांनी मागे घ्यावी लागली. शाळेचा दर्जा एकट्या शिक्षकाच्या हाती नसतो, हे त्या वेळी सरकारला उशिरा उमगले.

म्हणजे तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत शिकण्याचा पगाराशी संबंध येतो तो फक्त दोनदा. मधल्या काळातली प्रमाणपत्रे फाइलला लागतात. त्यामुळे शिक्षक १२ व्या वर्षी प्रशिक्षणाची वाट पाहतो आणि १३ व्या वर्षी ते टाळतो. यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, व्यवस्थाच तशी रचली आहे.

सुट्यांत शिकणारे शिक्षक नाहीतच का?

आहेत आणि पुष्कळ आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून ही वाट मोकळी केली. सेवेत राहून बीएड, शिक्षणशास्त्रात एमए, शालेय व्यवस्थापनाची पदविका, हे सगळे श्रेयांक पद्धतीने आणि अभ्यासकेंद्रांवरच्या संपर्कसत्रांतून. डीएडवर लागलेल्या प्राथमिक शिक्षकांनी याच मार्गाने पदव्या घेतल्या. तिथे कुणी सक्ती केली नव्हती. पदवी हाती आली की पदोन्नतीची दारे उघडतात, एवढे कारण पुरले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे उदाहरण त्याहून वेगळे. ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक तिथे गेले. त्यासाठी श्रेयांक नव्हते, वेतनवाढ नव्हती. आपल्यासारख्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत काहीतरी घडते आहे, ते डोळ्यांनी पाहायचे होते.

टीईटीच्या निकालाने काय बदलले?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने सेवेत पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. परिणामी, वीस वर्षे शिकवणारा शिक्षक आता रविवारी बालमानसशास्त्राच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांचा सराव करणार. नोव्हेंबर २०२५ ची परीक्षाही रविवारीच होती. नोकरीच टांगणीला असताना, त्याच्या उरलेल्या रविवारी आवडीच्या विषयातल्या कार्यशाळेला जागा कुठून मिळणार?

मार्ग काय निघू शकतो?

सगळ्यात जवळची जागा केंद्राची शिक्षण परिषद आहे. दहाएक शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा तिथे जमतातच. आज त्यातला बराच वेळ परिपत्रके वाचण्यात आणि माहिती भरण्यात जातो. ती माहिती मोबाइलवरून घेऊन परिषदेचे तास ५० मध्ये खऱ्या अर्थाने मोजले, विषय शिक्षकांनी ठरवले, तर मंडणगडच्या शिक्षकाला रत्नागिरी गाठावी लागणार नाही. श्रेयांक द्यायचे तर ते वर्गात काय करून पाहिले, त्यावर द्यावेत. डाएट आणि विद्यापीठ यांच्यात त्यासाठी करार लागेल. त्याहून आधी मात्र खर्च लागेल तो बदली शिक्षकावर. प्रशिक्षणाच्या दिवशी दुसरा माणूस वर्गावर उभा करता आला, तर कुणाचा रविवार मोडायचा हा प्रश्नच निम्मा उरतो. जिथे मंजूर पदेच रिकामी आहेत, त्या जिल्ह्यात हा माणूस आणायचा कुठून, याचे उत्तर जिल्हा परिषदेला एकटीला देता येणार नाही, ते मंत्रालयातूनच यावे लागेल.