फोडणी वेगळी, भात तोच!

मैत्रिणींनो, उरलेल्या भाताचं काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सकाळी फोडणीचा भात, नाहीतर पीठ-कांदा कालवून त्याचीच थालीपीठं. भात कालचाच, ताटात पदार्थ मात्र नवा! इंटरनेटवर लेखांचंही असंच करतात. एकच लेख घ्यायचा, शब्द बदलायचे, वाक्यं मागेपुढे करायची आणि त्याचे शंभर ‘नवे’ लेख करून सगळीकडे पसरवायचे. या उद्योगाला ‘आर्टिकल स्पिनिंग’ म्हणतात. आपला फोडणीचा भात निदान पोट तरी भरतो. हे लेख कुणाचं पोट भरतात, ते पाहायला हवं.

रीत अगदी सोपी आहे. ‘गुणकारी’ या शब्दाला ‘फायदेशीर’ आणि ‘हितकारक’ असे पर्याय द्यायचे. एका वाक्यात असे तीन शब्द निवडले आणि प्रत्येकाची तीन रूपं केली, की एका वाक्याची २७ वाक्यं होतात. सॉफ्टवेअरला हे काम म्हणजे चुटकीसरशी!

पण एवढा खटाटोप कशासाठी? लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी काढली. ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे प्रत्येक लिंक हे जणू एक मत. आणि मत म्हटलं की बोगस मतदान आलंच! माल विकणाऱ्यांनी ठिकठिकाणी लेख टाकायचे आणि प्रत्येकात आपल्या दुकानाची लिंक द्यायची. जशीच्या तशी नक्कल यंत्राच्या लक्षात येते, म्हणून शब्द फिरवायचे.

गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाचे बदल करून याला चाप लावला. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि नुसते शब्द फिरवायचीही गरज उरली नाही. मागाल तितके लेख, तेही मराठीत, तयार! मार्च २०२४ मध्ये गूगलने नियम केला, की केवळ वरचा क्रमांक मिळवण्यासाठी घाऊक लेख पाडणं गैर. मग ते माणसाने पाडलेले असोत की यंत्राने. नियम आला, पण असे लेख काही थांबलेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ही शहरातल्या कंपन्यांची भानगड, आपल्याला काय त्याचं? सांगते. आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी साखरेच्या गोळ्या बंद करायचं ठरवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “अगं, पाच ठिकाणी वाचलंय. पाचही जण खोटं कसं बोलतील?” आम्ही ते पाचही लेख शेजारी शेजारी ठेवून वाचले. मुद्दे तेच, क्रमही तोच. एकात ‘रक्तातली साखर’ होती, तर दुसऱ्यात चक्क ‘रक्तातला गोडवा’! आणि प्रत्येकाच्या शेवटी एकाच चूर्णाची जाहिरात. पाच जण कुठले, एकच दुकानदार पाच आवाजात बोलत होता. काकूंना आधी डॉक्टरांकडे नेलं, मग बाकीचं.

असले विचित्र शब्द ही या लेखांची खूणच आहे. २०२१ मध्ये गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या शोधनिबंधांतसुद्धा असे शब्द शोधून काढले. ‘ब्रेस्ट कॅन्सर’ऐवजी तिथे छापलं होतं ‘बूझम पेरिल’, म्हणजे छातीवरचं संकट! यंत्राला फक्त शब्द दिसतो. त्यामागची बाई आणि तिचा आजार त्याला दिसत नाही.

या धंद्याची दुसरी बाजूही आपल्याच घरात येते. ‘घरबसल्या लेख लिहा, महिना हजारो कमवा.’ शिकलेल्या, नोकरी नसलेल्या मुलींना हे आमिष पटकन भुलवतं. कुठे आधी नोंदणीचे पैसे उकळतात आणि मग फोनच उचलत नाहीत. कुठे काम खरंच मिळतं, पण ते एका लेखाचे वीस लेख करण्याचं. ना नाव, ना शिकणं. आपण लिहिलेल्या ओळीवर विसंबून कोण गोळ्या सोडतंय, हेही कळत नाही.

कायदा नाही असं नाही. मधुमेह, कॅन्सर बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. म्हणून तर जाहिरात ‘माहिती’चा पदर ओढून येते! फसव्या जाहिरातीची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. ऑनलाइन पैसे गेले तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा.

आणि वाचताना एवढं पाहा: लेखकाचं नाव आहे का? तारीख आहे का? शेवटी काही विकायला ठेवलंय का? बाजारात आपण एकाच गाड्यावरची भाजी पाच वेळा पाहून ‘पाच दुकानं फिरले’ असं म्हणत नाही. वाचतानाही तोच हिशेब ठेवू या. किती ठिकाणी लिहिलंय ते मोजू नका. कोण सांगतंय आणि कशासाठी, ते विचारा.