विहाराच्या दारातील वस्त्रपरीक्षा

नाशिक जिल्ह्यातील एक उपासिका गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे कायद्याचा सल्ला विचारण्यास आल्या होत्या. त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी जीन्स व कुडता घालून वंदनेस गेली असता विहार समितीच्या एका जबाबदार गृहस्थांनी तिला दारातच थांबविले. "असल्या पोशाखात शील राहत नाही. बाबासाहेबांनीच महाडला आपल्या बायकांना नीट लुगडे नेसायला सांगितले होते," असा आधारही त्यांनी दिला. समितीचे नाव आम्ही छापीत नाही. हा रोग एका समितीपुरता नाही. परंतु वाचकहो, ज्या नाशकात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराची दारे आपल्या लोकांच्या तोंडावर बंद करण्यात आली आणि त्या दारांपुढे आपल्या आया-आज्या शेकडोंनी उभ्या राहिल्या, त्याच जिल्ह्यात त्यांच्या पणतीला विहाराच्या दारात अडवावे, ही गोष्ट वाचून सोडून देण्यासारखी आहे काय?

प्रथम महाडच्या आधाराचा निकाल लावू. डिसेंबर 1927 मध्ये मनुस्मृतीचे दहन झाल्यावर बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केले. गुडघ्यापर्यंत वर खोचलेले लुगडे, गळ्यातील गाठ्यांचे ओझे, हातात कोपरापर्यंत चढविलेले चांदीचे वा कथलाचे दागिने, यांवरून ही बाई अस्पृश्य आहे हे रस्त्यावरचा कोणीही ओळखीत असे. ती खूण टाका, असे त्यांचे सांगणे होते. फाटके असले तरी चालेल, पण वस्त्र स्वच्छ असावे, असेही त्यांनी सांगितले. टिपणीस व चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी आपल्या भगिनींना नव्या पद्धतीने लुगडी नेसविली. पायाचा घोटा झाकला म्हणजे चारित्र्य सिद्ध होते, असा सिद्धान्त तेथे कोणी मांडला नव्हता. पुसायची होती ती जातीची निशाणी. जीन्सवर कोणती जात लिहिलेली असते, हे त्या गृहस्थांनी आम्हांस सांगावे.

स्त्रीच्या शुद्धतेचे हे खूळ मुळात कोणाचे? 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले आहे. जातीबाहेर विवाह होऊ द्यायचा नाही, म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी उत्पन्न झाल्या. विधवेचे केस उतरवून तिला तांबडे आलवण नेसवीत, ते तिच्या शीलाच्या काळजीने नव्हे. ती जातीच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकील या भीतीने. पेशवाईत सिंदळकीचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला कुणबीण म्हणून सरकारात जमा करीत व राबवीत. पुरुष बहुधा दंड भरून मोकळा होई. आणि हाच समाज आमच्या मुली मुरळी म्हणून खंडोबाला वाहिल्या जात असता खुशाल पाहत होता! एकीला कोंडावयाचे व दुसरीला उघड्यावर सोडावयाचे, हा एकाच व्यवस्थेचा दुहेरी व्यवहार होय.

इंग्रजी अमदानीतील कायदाही या बाबतीत मनूपासून फार दूर गेला नाही. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 497 नुसार पतीची संमती असल्यास व्यभिचाराचा गुन्हाच होत नसे. म्हणजे पत्नी ही मालमत्ता आणि पती तिचा मालक. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम 27 सप्टेंबर 2018 रोजी घटनाबाह्य ठरविले. हिंदू कोड बिल रखडविले गेले म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा लिहिला, तोही 1951 सालच्या 27 सप्टेंबरलाच!

कलम गेले, पण वृत्ती गेली नाही. 2013 साली याच नाशिक शहरात एका बापाने जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा जीव घेतला. त्या मुलीच्या पोशाखाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, हे लक्षात घ्यावे. तिने निवड केली, एवढाच तिचा अपराध.

14 ऑक्टोबर 1956 रोजी आपण पंचशील घेतले. त्यातील तिसरे शील स्त्री व पुरुष दोघांनाही सारखेच बांधते. पातिव्रत्याला मात्र पुरुषी जोड नाही. हा भेद ज्यांना कळला नाही त्यांनी धर्म बदलला, पण घरातील मनू तसाच ठेवला, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. पटाचारेची कथा आपल्या प्रत्येक विहारात सांगितली जाते. पती, मुले, आईबाप सर्व गमावून वेडी झालेली ती स्त्री विवस्त्र अवस्थेत बुद्धांच्या सभेत आली, तेव्हा लोक तिला हाकलू लागले. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, सावध केले. कोणीतरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. पुढे ती थेरी झाली. समितीच्या त्या गृहस्थांनी ही कथा अनेकदा ऐकली असेल, कदाचित स्वतः सांगितलीही असेल.

शुभ्र वस्त्र ही आपल्या समारंभांतील सुंदर प्रथा आहे. ज्यांना आवडेल त्यांनी ती अवश्य पाळावी. परंतु प्रथेचा पहारेकरी होऊन तो मुलींपुढेच काठी घेऊन उभा राहतो, मुलांच्या पँटीकडे मात्र पाहत नाही, याला काय म्हणावे?

त्या उपासिकेस आम्ही सांगितले की, नोटीस देता येईल, पण आधी विहाराच्या सर्व सभासदांची सभा बोलावण्याची लेखी मागणी करा. अर्ज आम्हीच लिहून दिला आहे. येत्या पौर्णिमेस ती मुलगी त्याच वेषात वंदनेस जाणार आहे. आम्हीही सहकुटुंब जाणार आहोत.