सर्वांत मोठं इनाम, ५० डॉलर

टीव्हीवरचा खेळ म्हटला की आपल्या घरांत कोटींचा धनादेशच आठवतो. अमेरिकेत सीबीएसवर १९५० ते १९६७ पर्यंत, रविवारी रात्री ‘व्हॉट्स माय लाइन?’ लागायचा. पाहुणा फळ्यावर खडूने नाव लिहून बसायचा. चौघांच्या पॅनेलने फक्त ‘हो-नाही’चे प्रश्न विचारून त्याचा पेशा ओळखायचा. प्रत्येक ‘नाही’ला ५ डॉलर, दहा ‘नाही’ झाले की पाहुणा जिंकला. नामवंत पाहुणा असेल तर पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या, आणि तो आवाज बदलून बोलणार! घरच्या प्रेक्षकांना पेशा आधीच कळवलेला असे, तरी कोणी उठत नसे. नेमका प्रश्न कसा सुचतो, हे बघण्यातच मजा. (वर्गात हेच शिकवताना आमचा घसा सुकतो.)

१९५५ मध्ये याच वाहिनीवर ६४,००० डॉलरचा खेळ आला. मोठ्या रकमांच्या अशा खेळांत स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवल्याचं उघड होऊ लागलं आणि १९५८ मध्ये ते धडाधड बंद पडले. ५० डॉलरवाला मात्र आणखी नऊ वर्षं टिकला. तिथे उत्तर फोडून कोणाचं काय भलं होणार होतं?

सुट्टीत मुलांसोबत खेळून पाहा. नालबंद, कल्हईवाला, रफूगर असे पेशे धरा. इनाम मूठभर शेंगदाणे.