मांत्रिकाचा अंगारा आणि सलाईनची बाटली

बाजारांत बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्याला चालवून पाहतों, मानेवर जूं ठेवून पाहतों, आणि मगच कनवटीचा पैसा सोडतों. बियाणें पेरण्याआधीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून किती उगवतात तें मोजतों. सुतार लांकूड ठोकून पाहतो, बाई मडकें वाजवून घेते. असे आपण पारखी लोक! पण घरांत कोणी आजारी पडलें कीं ही सारी पारख कोठें जाते कोण जाणे. शेजारीण सांगेल तो पाला, देवऋषी देईल तो अंगारा, मोबाईलवर कोणी धाडलेला मजकूर आणि बाजारपेठेंतला डॉक्टर लावील ती बाटली, हें सर्व आपण डोळे मिटून घेतों. बैल खोटा निघाला तर पैसा बुडतो. औषध खोटें निघालें तर घरचें माणूस जातें. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं जी पारख बाजारांत, तीच आजारांत लावावी.

आतां कोणी विचारील कीं, उपाय खोटा असेल तर इतक्या लोकांस गुण कसा येतो? प्रश्न रास्त आहे. मांत्रिकाकडे गेलेले सगळेच मेले असते तर त्याचें दुकान कधींच बसलें असतें. त्याचें दुकान चालतें याचें कारण पुष्कळसे आजार आपोआप बरे होतात. काविळीचेंच पाहा. आपल्या गांवांतून साथीनें येणारी कावीळ बहुधा घाण पाण्यांतून येणाऱ्या जंतूंची, म्हणजे हेपटायटिस ए किंवा ई या जातीची असते, आणि ती बहुतेकांस कांहीं आठवड्यांत विश्रांतीनें उतरते. त्याच कांहीं आठवड्यांत गळ्यांत माळ घातलेली असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडते, आणि श्रेय कावळ्याला मिळतें!

कांहीं ठिकाणीं काविळीचा रोगी नेला कीं हातांस कांहीं तरी चोळून ते चुन्याच्या पाण्यानें धुतात. पाणी पिवळें होतें आणि लोक म्हणतात, पाहा कावीळ उतरली. याचा पडताळा अगदीं सोपा आहे. रोग्याच्या शेजारीं बसलेल्या धडधाकट माणसाचे हात त्याच रीतीनें धुवून पाहा. पाणी तेव्हांही पिवळेंच होईल, कारण पिवळेपणा हातांस चोळलेल्या सालीच्या रसाचा आणि चुन्याचा आहे, काविळीचा नव्हे. एरव्हीं यांत पाचपन्नास रुपयेच गेले असते. पण पित्ताचा खडा अडकल्यानें किंवा यकृत झिजल्यानेंही कावीळ होते, आणि गरोदर बाईस ई जातीची कावीळ झाली तर ती जिवावर बेतते. अशा वेळीं माळ घालून घरीं बसणें म्हणजे हातानें दोर कापणें होय.

हीच गोष्ट सापाची, आणि येथें तर घटकांचा हिशेब आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, अजगर यांच्या चाव्यानें माणसाला विषबाधा होत नाहीं. विषारी सापही कधीं कधीं दांत मारतो पण विष सोडीत नाहीं. समजा, दहा जणांस साप चावला आणि त्यांतल्या सातांच्या अंगांत विष गेलेंच नाहीं. त्या सातांस मंत्र घाला, कडुनिंबाचा पाला बांधा, देवळांत बसवा किंवा नुसता चहा पाजा, ते जगणारच. गांव त्या सातांचीं नांवें वर्षानुवर्षें घेतो. उरलेले तिघे मात्र 'वेळ भरली होती' म्हणून विसरले जातात. मांत्रिकाच्या हिशेबाच्या वहींत जमेची बाजू आहे, खर्चाची पानें फाडलेलीं आहेत.

हीं फाडलेलीं पानें मोजण्याचें काम संशोधकांनीं केलें. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लक्ष माणसें सर्पदंशानें मेलीं, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मेलीं, असा त्यांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. मेलेलीं बहुतेक खेड्यांतलीं, आणि मरण्याचा हंगाम पावसाळ्याचा. जो चिखलांत उभा राहून भात लावतो, जो काळोखांत पिकाला पाणी देतो, जो जमिनीवर वाकळ टाकून निजतो, त्याचाच हा आंकडा आहे. बंगल्यांत राहणाऱ्याचा नव्हे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांच्या विषावर एकच उतारा-लस आहे. घोड्यांना थोडें थोडें विष टोंचून त्यांच्या रक्तांत जें प्रतिविष तयार होतें, त्यापासून ती करतात. परळच्या हाफकिन संस्थेचें नांव या कामांत जुनें आहे. ही लस सरकारी दवाखान्यांत मोफत देतात. या लसीखेरीज विषावर दुसरा उतारा नाहीं. पाला नाहीं, मणी नाहीं, मंत्र नाहीं.

साप चावल्यावर काय करूं नये तें आधीं ऐका. जखम कापूं नये, तोंडानें विष ओढूं नये, दोरी करकचून आवळूं नये. दोरीनें विष थांबत नाहीं. रक्त थांबून हातपाय मात्र सडतो. मिरची किंवा पाला चावायला देऊन विषाची परीक्षा पाहूं नये. साप मारण्यांत वेळ घालवूं नये. काय करावें? माणसाला धीर द्यावा. अंगठ्या, बांगड्या, जोडवीं काढावीं, कारण सूज चढली कीं तीं रुततात. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी लावून तो हातपाय हलूं न देतां बांधावा, त्याला चालवूं नये, आणि १०८ ची गाडी किंवा मिळेल तें वाहन घेऊन लस असलेला दवाखाना गांठावा.

मण्यारीविषयीं विशेष सांगणें आहे. ती रात्रीं निजलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाहीं, सुजत नाहीं, पुष्कळदां दिसतही नाहीं. पहांटे पोटांत कळ येते, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटूं लागतात. घरचे म्हणतात पित्त झालें असेल, आणि सकाळपर्यंत श्वास बंद पडतो. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्याच्या पापण्या अशा पडूं लागल्या तर चावा शोधीत बसूं नका, दवाखाना गांठा. खाटेवर निजणें आणि मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचणें, एवढ्यानेंही ही मण्यार पुष्कळशी दूर राहते.

विंचवाची हकीकत यापेक्षां आशेची आहे. कोंकणांतला लाल विंचू चावला कीं पूर्वीं शंभरांतले चाळिसाच्या आसपास रोगी दगावत. महाडकडील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत डॉ. हिम्मतराव बावस्कर या शेतकऱ्याच्या मुलानें या रोग्यांच्या उशाशीं रात्रंदिवस बसून नाडी, रक्तदाब, छातीचे ठोके टिपून ठेवले. विंचवाचें विष हृदयावर कसा घाला घालतें हें त्यांनीं त्यांतून ओळखलें. १९८२ सालीं त्यांचें टिपण विलायतेच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत छापून आलें. पुढें रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांनीं वापरली आणि मृत्यूचें प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आलें. मेलेले आणि जगलेले दोन्ही मोजले, म्हणून हें ज्ञान हातीं लागलें. मांत्रिकांत आणि वैद्यांत जो फरक आहे तो या मोजण्यांत आहे, पदवींत नव्हे.

कुत्रें चावल्यावर हळद, चुना, मिरची भरणारे अजून आहेत. पोटांत चौदा सुया घ्याव्या लागतात या भीतीनें दवाखाना टाळणारेही आहेत. ती जुनी लस भारतांत २००४ नंतर बनत नाहीं. आतांची लस दंडांत देतात आणि चारपांच खेपांत काम होतें. जखम आधीं साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. पिसाळीचा रोग एकदां उमटला कीं माणूस बहुधा वांचत नाहीं. तो उमटण्याआधींच काय तो उपाय.

आतां लेंकरांकडे वळूं. गाय व्याली कीं वासराला पहिल्या कांहीं तासांत चीक पाजला पाहिजे, नाहीं तर तें जगत नाहीं, हें आपल्या गुराख्यालाही ठाऊक आहे. मग आपल्याच लेंकराच्या आईचा पिवळा चीक 'जड' म्हणून पिळून कां टाकावा? वासराला जी अक्कल लावतों ती लेंकराला लावावी. जन्मल्यापासून तासाभरांत तें छातीशीं धरावें, आणि सहा महिने आईच्या दुधावांचून मध, गुटी, पाणी कांहीं देऊं नये.

मुलाला ढाळ लागले कीं पाणी व दूध बंद करणें ही दुसरी घातकी चाल. घागर गळते म्हणून कोणी तींत पाणी ओतणें थांबवतो काय? मूल जुलाबानें मरत नाहीं, अंगांतलें पाणी व मीठ गेल्यानें मरतें. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून लाखों निर्वासित आले तेव्हां बनगांवच्या छावणींत पटकीची सांथ होती. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनोबीस यांनीं मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून तें पाणी रोग्यांच्या आयाबहिणींकडून पाजवलें. शंभरांत तीस मरत होते, तेथें मरणारे चारांहून कमी झाले. आज तेंच जीवनजल ओ. आर. एस. च्या पुडीनें आशाताईंकडे फुकट मिळतें. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. चमचा चहाचा घ्यावा. सोबत दूध व जेवण चालूं ठेवावें. मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले किंवा पाणीही पोटांत राहीना, तर मात्र थेट दवाखाना गांठावा.

येथें आम्हांस नव्या अंगाऱ्याकडे वळणें भाग आहे. जो तरुण मांत्रिकाला हंसतो, तोच अंग दुखलें कीं पेठेंतल्या डॉक्टरकडे जाऊन म्हणतो, "साहेब, एक बाटली लावा, अशक्तपणा आलाय." आणि साहेब लावतात! त्या बाटलींत काय असतें? अर्ध्या लिटर सलाईनच्या बाटलींत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजची बाटली असली तर पंचवीस ग्रॅम साखर. एका भाकरींत असते तेवढीही शक्ति तींत नाहीं. ज्याला उलट्यांनीं कांहीं पोटांत ठरत नाहीं, ज्याचें रक्त वाहून गेलें, जो बेशुद्ध आहे, त्याला ती बाटली अमृत आहे. जो चालत येऊन बाकावर बसला आहे, त्याला ती मीठपाण्याची महाग किंमत आहे. सुई नीट शुद्ध नसेल तर तींतून रक्ताचे रोग अंगांत जातात, आणि हृदयाच्या रोग्यास जादा पाणी भोंवतें. खुरपणीची दोनतीन दिवसांची मजुरी बाटलीला देणारी माउली तेवढ्याच पैशांत आठवडाभर डाळ, शेंगदाणे, अंडीं खाती तर अशक्तपणा खरोखरच कमी होता. तिचा अशक्तपणा पुष्कळदां अंगांत रक्त कमी असल्याचा असतो. त्याला लोहाच्या गोळ्या लागतात, आणि त्या सरकारी दवाखान्यांत फुकट आहेत.

यावरून जुनें तेवढें खोटें आणि नवें तेवढें खरें असें आम्ही म्हणत नाहीं. ढाळांत आजी जी मीठ घातलेली तांदळाची पेज देते ती शास्त्रालाही मान्य आहे. हिंवतापावरचें आजचें मुख्य औषध आर्टेमिसिनिन हें चीनच्या जुन्या वैद्यकग्रंथांतल्या एका वनस्पतीपासून निघालें, आणि तें शोधणाऱ्या तू यूयू या बाईंना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्यांनीं ग्रंथाला नुसता नमस्कार केला नाहीं. त्यांतलें काय टिकतें तें पारखून पाहिलें. उलट, देवीचा रोग आईचा कोप म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या नवस केले. तो गेला लस टोंचल्यानें, आणि १९७५ नंतर भारतांत देवीचा रोगी आढळला नाहीं. कोणतीही गोष्ट पडताळ्यास उतरली तर घ्यावी, न उतरली तर टाकावी. मग ती आजीची असो, आश्रमाची असो, कीं पाटी लावलेल्या डॉक्टरची असो.

पडताळ्याचे चार प्रश्न प्रत्येक घरानें पाठ करावे. हा उपाय न करतां किती जण आपोआप बरे होतात? सांगणाराला यांत काय मिळतें? गुण आला नाहीं तेव्हां तो काय म्हणतो, 'माझा उपाय चुकला' कीं 'तुमची श्रद्धा कमी पडली'? आणि हा उपाय करीत बसल्यानें खऱ्या उपायाची वेळ तर हुकत नाहीं ना? मोबाईलवर आलेला मजकूर पुढें धाडण्यापूर्वींही हेच प्रश्न विचारावे. गरम लिंबूपाण्यानें कर्करोग पळतो असें जो लिहितो, त्यानें कोठें किती रोगी मोजले?

एक गोष्ट मात्र शहरच्या शहाण्यांनीं ऐकावी. खेडुत मांत्रिकाकडे जातो तो केवळ अडाणी म्हणून नव्हे. मांत्रिक गांवांत असतो, रात्रीं उठतो, हात धरून बोलतो. दवाखाना दूर, डॉक्टर जागेवर नाहीं, आणि असला तर 'आतां आलात होय?' म्हणून खेंकसतो. लस संपली म्हणून रोगी तालुक्याहून जिल्ह्याला धाडला जातो आणि वाटेंतच संपतो. अशा राज्यकारभारानें लोकांच्या अंधश्रद्धेवर व्याख्यानें झोडूं नयेत. आधीं पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक आरोग्यकेंद्रांत सापाची लस व ती देणारा माणूस ठेवावा. केंद्र सरकारनें २०२४ सालीं सर्पदंशाचे मृत्यु २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. तो कागदावरून शिवारांत उतरला पाहिजे.

आणि तो आपण मागितल्यावांचून उतरणार नाहीं. येत्या ग्रामसभेंत कोणी एकानें उभें राहून विचारावें: आपल्या केंद्रांत आज सापाच्या लशीच्या कुप्या किती आहेत? कुत्र्याची लस आहे काय? रात्रीं दार कोण उघडतो? उत्तर लिहून घ्यावें, शाळेच्या भिंतीवर लावावें, आणि पुढच्या सभेंत पुन्हा विचारावें. नवसाला जेवढा खर्च आणि जेवढी चिकाटी आपण लावतों, त्याच्या चौथाईनें हें काम होण्यासारखें आहे.