विषाणू म्हणजे फक्त विष नव्हे

भाषेचा शिक्षक असल्याने माझी नजर आधी शब्दावर जाते. ‘विषाणू’ म्हटलं की त्यात विष आलंच. मूळ लॅटिन ‘व्हायरस’चा अर्थही तोच. उर्दूत तर घरीदारी सगळ्यांना एकच शब्द, जरासीम. कोरोनानंतर मुलांच्या मनात विषाणू म्हणजे दुश्मन हे पक्कं बसलं. पण पृथ्वीवरचे बहुतेक विषाणू माणसाकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते जिवाणूंवर जगतात. त्यांना बॅक्टेरियोफाज किंवा नुसतं फाज म्हणतात.

त्यांची संख्या एकावर 31 शून्यं इतकी असावी, असा अंदाज आहे. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात कोटीभर विषाणू असू शकतात, त्यातले बहुतेक फाज. मातीत, गटारात, आपल्या आतड्यांतही ते आहेत. 2014 साली मानवी विष्ठेच्या नमुन्यांतून ‘क्रासफाज’ सापडला. तो तपासलेल्या बहुतेक नमुन्यांत होता आणि तोवर कुणाला पत्ताच नव्हता!

1896 मध्ये आग्र्याच्या हॅन्किनने नोंदवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, पाणी उकळल्यावर मरत नाहीत. कारण फाज असावं, असं पुढे मानलं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर याचा चमत्कार होतो आणि यमुना हमखास गळते. खरं तर जिथे जिवाणू जास्त, तिथे फाजही जास्त. म्हणजे नाल्यातही भरपूर. पाणी शुद्ध असल्याचा तो पुरावा नाही. सगळे फाज भलेही नाहीत. पटकीचं विष बनवणारी जनुकं त्या जिवाणूला एका फाजनेच दिलीत.

आता मुद्द्याचं. आपल्या मोहल्ल्यात ताप आला की मेडिकलमधून दोन अँटिबायोटिक गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की बंद. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. जॉर्जियात तिबलिसीला 1923 पासून फाजवर काम करणारी संस्था आहे, तिथे फाजने उपचारही होतात. पण एक फाज सहसा एकाच जातीच्या जिवाणूंना, त्यातही काही वाणांनाच मारतो. तिथला फाज इथल्या दवाखान्यातल्या जंतूवर चालेलच असं नाही. म्हणून आपल्या नद्या-नाल्यांतले फाज आपणच गोळा करून, तपासून, जपून ठेवायला हवेत. त्याला पैसा लागेल, तो सरकारने द्यावा. माणसं मात्र आहेत. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झालेल्या कितीतरी मुली आपल्याच घरांत बसून आहेत, नाहीतर माझ्यासारखं बी.एड. करताहेत.