राष्ट्रांच्या चढाओढीचें खूळ

शाळेतल्या मुलांप्रमाणें राष्ट्रांचीही परीक्षा घेऊन त्यांचे क्रमांक लावावे, ही हौस अलीकडच्या अर्थपंडितांस मोठी जडली आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०१९ च्या अहवालांत १४१ देशांत भारताचा क्रमांक ६८ वा लागला. आदल्या वर्षीं तो ५८ वा होता. मंचानें पुढें ही यादी काढणें थांबविलें, पण क्रमांकाचें खूळ कांहीं ओसरलें नाहीं.

या विचाराची बैठक अगदींच पोकळ आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. मायकेल पोर्टर यांनीं १९९० च्या ग्रंथांत मांडलेलें व मंचानें पुढें आपल्या सोयीनें बसविलेलें मत असें कीं, राष्ट्र आरंभीं जमीन, मजुरी व निसर्गाची देणगी यांवर वाढतें, मग कार्यक्षमतेवर, आणि शेवटीं नव्या शोधांवर. प्रत्येक पायरीवर वाढीचें कारण निराळें, हा सिद्धांत आम्हांस मान्य आहे. आमचा विरोध आहे तो त्याच्या दुरुपयोगास. मजुरी स्वस्त ठेवली तरच आपण चढाओढींत टिकूं, असें जे सांगतात त्यांस आम्ही विचारतों, पायरी चढण्यासाठीं असते कीं तीवर मुक्काम ठोकण्यासाठीं?

रत्नागिरी तालुक्यांतील पाली हें गांव पाहा. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो आणि कोल्हापूरचा रस्ता येथूनच आंबा घाटाकडे फुटतो. बाजारपेठेस याहून सोयीची जागा ती कोणती? पण त्या महामार्गाच्या रुंदीकरणास २०११ सालीं आरंभ झाला आणि दहा वर्षें उलटलीं तरी तें अपुरेंच होतें. मग नुसत्या जागेचा उपयोग काय?

हापूसचीही तीच कथा. त्याची गोडी निसर्गदत्त खरी; तरीही अमेरिकेचें दार कित्येक वर्षें बंदच होतें. तें २००७ सालीं उघडलें, तें नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या केंद्रांत फळावर विकिरण करण्याची सोय झाल्यावर. २०१४ सालीं युरोपीय संघानें फळमाशीमुळें भारतीय आंब्यास बंदी केली. तपासणींत सुधारणा झाल्यावर ती पुढल्या वर्षीं उठली. अर्थात् देणगीपासून कार्यक्षमतेपर्यंतची वाट प्रयोगशाळा, तपासनीस व रस्ते यांवरून जाते. आणि तीं एकट्यादुकट्या बागाईतदाराच्या हातचीं नसतात.

कोणी म्हणेल, क्रमांकाच्या धाकानें तरी सरकार हालेल. हालेल खरें, पण कोणत्या दिशेस? मंचाच्या मोजणींत उद्योगधंद्यांच्या अधिकाऱ्यांच्या अभिप्रायांस मोठें स्थान होतें. बागेंत राबणाऱ्या गड्याचें मत कोणीं विचारलें? शिवाय, राष्ट्र म्हणजे कंपनी नव्हे, हें पॉल क्रुगमन यांनीं १९९४ सालींच बजावलें आहे. शेजारचें दुकान भरभराटलें तर आपलें गिऱ्हाईक तुटेल. शेजारचें राष्ट्र भरभराटलें तर आपल्या मालास नवें गिऱ्हाईक मिळेल.

मुंबईस गेलेल्या मुलाच्या मनिऑर्डरीवर कोंकणानें पिढ्यान् पिढ्या चूल पेटविली. मनुष्यबळ ही आपली पहिली देणगी. तीच आपण सर्वांत आधीं बाहेर धाडली. तो मुलगा पालीसारख्या गांवीं राहून मानानें पोट भरूं शकेल, त्या दिवशीं आम्ही प्रगति झाली असें मानूं; मग यादींत आपला क्रमांक कितवाही लागो.